बोक्याच्या खाण्यातलं पीठ

आषाढातली अमावास्या जवळ आलेली, शनिवार, सकाळ. ठिकाण: म्हापसा, जनावरांचा खाजगी दवाखाना. हजर: डॉक्टरीणबाई, मी, माझी बायको आणि झाकणाच्या टोपलीत आमचा बोका. गैरहजर: आई. गुडघ्यांमुळे ती पेडण्याला घरीच राहिली होती, पण फोनवरून अर्धी हजर होतीच.

डॉक्टरीणबाईंनी बोक्याच्या कानाच्या कडेला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्र माझ्याकडे वळवलं. तसलंच यंत्र आमच्या घरात आईसाठी आहे, तिच्या इन्शुलिनच्या सुईशेजारी. तो आकडा चांगला की वाईट, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"घाबरल्यामुळेही मांजराची साखर चढते," त्या म्हणाल्या. "पण लघवीतही आहे. म्हणजे भीतीवर ढकलता येणार नाही."

आईने हे निदान आधीच करून ठेवलं होतं. बोका पाण्याच्या बादलीपासून हलत नव्हता, भरपूर खाऊनही वाळत चालला होता, आणि मागीलदारी तो लघवीला बसायचा तिथे मुंग्यांची रांग लागायची. आईने ती रांग बघितली आणि म्हणाली, "माझां दुखणां ह्याका लागलां." बायको हसली होती. मीही. आता टोपलीच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

"खायला काय देता?"

सांगितलं. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की बोका फाटकावर. आईच्या चहात बुडवलेला पाव हा त्याचा नाश्ता. दुपारी भात आणि मासळीच्या हुमणाचा रस, वर बांगड्याचं डोकं. संध्याकाळी उरलेला पाव. आईच्या चहात साखर नसते, म्हणून त्या पावात काही वाईट नाही, अशी तिची समजूत. खरं सांगायचं तर आमचीही तीच.

डॉक्टरीणबाई कोल्हापूरकडून लग्न होऊन इकडे आलेल्या, बोलणं सरळ. "पाव बंद. भात बंद. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन, आणि आधी खाणं, मग सुई. खाल्लं नसेल तर सुई नाही. हे विसरलात तर आजारापेक्षा सुईनेच जाईल. डब्यातलं ओलं खाणं मिळालं तर सगळ्यात चांगलं."

ओलं जमणार नव्हतं. मी मोप्याला विमानतळावर सामानाच्या भांडारात आहे, बायको प्राथमिक शाळेत. दिवसभर घरात आई एकटी. डबा फोडला की पावसाळी हवेत थोड्याच वेळात वास सुटतो, आणि फ्रिजमधलं काढून, कोमट करून, वाकून जमिनीवर ठेवणं आईच्या गुडघ्यांना शक्य नाही. कोरडं खाणं बशीत घातलं की दिवसभर राहतं.

"मग कोरडं, पण मधुमेहाच्या मांजराचं," म्हणत त्यांनी चिठ्ठीवर एक नाव लिहिलं. "खाणं नीट जमलं तर सुई कमी होते. काही मांजरांची सुटतेसुद्धा."

"आणि नाही जमलं तर?" बायकोने विचारलं.

"आधी मागचे पाय जातात."

बायकोने टोपलीचं झाकण घट्ट लावलं. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "टोपली रिकामी हाडू नको." हाडणं म्हणजे आणणं.

चिठ्ठीवरचं खाणं म्हापशात नव्हतं. तीन दुकानं फिरलो. एकाने सांगितलं, मागवायला पंधरा दिवस. दुसऱ्याने सांगितलं, ते येणं बंदच झालंय. तिसरा म्हणाला, असं काही नसतंच. बायको टोपली मांडीवर घेऊन गाडीत बसली होती आणि बोका एका सुरात ओरडत होता.

इथे माझ्या कामाची सवय आडवी आली. विमानतळाच्या आधी मी डिचोलीकडच्या एका खाणीवर भांडार सांभाळत होतो. लोडरचा भाग मोडला आणि कंपनीचा मूळ भाग नसला की काम थांबवत नाहीत, बरोबरीचा शोधतात. माप तेच, जोर तोच, मग नाव कुठलं का असेना. ह्या कामात मी पक्का होतो. चौथ्या दुकानात मी कपाटासमोर उभा राहिलो आणि बरोबरीचा भाग शोधू लागलो.

साखरेच्या माणसाला काय चालतं, हे आमच्या घरात पाठ आहे. आईचं पथ्य स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेलं आहे आणि ते मीच लिहिलेलं आहे: चरबी कमी, मांस कमी, कोंडा जास्त, भाताऐवजी नाचणी, भाज्या भरपूर. कपाटात एक हिरवी पिशवी होती. तिच्यावर गाजर, भोपळा, ओट आणि कणसाचं चित्र. 'हलकं खाणं, वजनदार मांजरांसाठी.' चरबी कमी, तंतू जास्त. जणू आईचंच पथ्य कोणीतरी दाणे करून भरून ठेवलं होतं.

दुसरंही एक कारण होतं. श्रावण लागणार होता. आमच्याकडे श्रावणभर घर शिवराक, म्हणजे मासळी-मटण उंबऱ्याच्या आत येत नाही. नुसतं शिजवत नाही असं नव्हे, येतच नाही. मांजरालाही त्या महिन्यात दूधभात. इतर पिशव्यांवर कोंबड्या आणि मासे डोळे वटारून बघत होते. हिरव्या पिशवीवर भोपळा होता.

आईने पिशवी फिरवून फिरवून बघितली. "ह्यां बरां. ह्यात कोणाचा जीव दिसणा नाय."

आत कोंबडीचं चूर्ण होतंच, अगदी खालच्या ओळीत. ते मी वाचलं नाही असं नाही. मोठ्याने वाचलं नाही.

बोक्याला ते दाणे इतके आवडले की बशी चाटून तो माझ्या पायाला अंग घासायचा. पहिली सुई मी दिली. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई आत, झालं. बोक्याला पत्ताही लागला नाही, आई मात्र दुसरीकडे तोंड फिरवून बसली. सुईच्या वेळा, पाणी, बशीत उरलेले दाणे, सगळं मी लिहून ठेवू लागलो. हातात काम असलं की मला बरं वाटतं. श्रावणातला पहिला आठवडा मला बरं वाटलं.

मग पाणी कमी होण्याऐवजी वाढलं. मुंग्या परत आल्या. एका सोमवारी, आई सोप्यावर बसून वाती वळत असताना, बोका अंगणातून आला आणि मला त्याची चाल वेगळी दिसली. मागचे पाय तो बोटांवर टाकत नव्हता. टाचा जमिनीला टेकवून, म्हाताऱ्या माणसाने सपाता ओढाव्यात तसा येत होता. सोप्याची पायरी त्याला दोन वेळा चढता आली नाही. तिसऱ्यांदा आईने वाकून, गुडघे विसरून, त्याला वर घेतलं.

"बघ," ती म्हणाली. "मी आणि हो. दोगांका पायरी नाय."

मी त्याच दुपारी रजा टाकली.

डॉक्टरीणबाईंनी हिरव्या पिशवीचा फोटो बघितला आणि चष्मा वर केला. "हे कोणी सांगितलं?"

"चिठ्ठीवरचं मिळालं नाही. बरोबरीचं घेतलं."

"कशाच्या बरोबरीचं?"

मी आईचं पथ्य सांगितलं. त्या हसल्या नाहीत, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. "हे तुमच्या आईंना चालेल," त्या म्हणाल्या. "मांजर उलटं असतं. त्याला मांस पाहिजे, कणीस नको. ओट आणि मका म्हणजे त्याच्यासाठी पावच, फक्त गोल केलेला. चरबीची भीती सोडा, पिठाची धरा."

"पिठाचा आकडा पिशवीवर नाही."

"नसतोच. काढावा लागतो. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख वजा करा. उरेल ते पीठ."

"राख?"

"जाळल्यावर जे उरतं ते. क्षार. काही जण छापतात, काही छापत नाहीत. जे छापत नाहीत त्यांची पिशवी घेऊ नका."

परतताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून हिरव्या पिशवीची वजाबाकी केली. जवळजवळ अर्धी पिशवी पीठ निघालं. बायको म्हणाली, "आयकलात? पाऊस वाढतोय. घरी जाऊन करा." मी परत एकदा केली. तेवढीच आली.

त्यानंतरचे काही दिवस मला बसवत नव्हतं. जेवतानाही मी उठून बोक्याकडे बघून यायचो. कामावर दोनदा चुकीच्या खणात माल लावला. खाणीवर असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी सुटलो की घरी न जाता दुकानं. 'धान्यविरहित' असं मोठ्या अक्षरात छापलेली पिशवी मिळाली तेव्हा वाटलं, सुटलो. मागे बघितलं तर धान्याच्या जागी बटाटा आणि वाटाणा. वजाबाकी केली, हिरव्या पिशवीच्या थोडी खाली. दुकानदार म्हणाला, "धान्य नाही ना त्यात? मग?" त्याला बटाटा समजावत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता.

डिचोलीला एक जुना सोबती आहे. खाणीवर टिपर चालवायचा. खाण बंद पडली तेव्हा टिपर विकून त्याने बाजाराच्या मागे जनावरांच्या खाद्याचं दुकान टाकलं: म्हशीची पेंड, कोंबड्यांचा भरडा आणि हल्ली एका बाजूला कुत्र्यामांजरांचं. मला बघून म्हणाला, "येया पात्रांव. कित्या हाडलें?" पात्रांव म्हणजे मालक. खाणीवर मी त्याला एक नट जरी दिला तरी सही घ्यायचो, त्याची ही परतफेड.

मी त्याच्या कपाटातल्या सगळ्या पिशव्या खाली काढून ओळीने मांडल्या आणि मागच्या बाजू वाचू लागलो.

"लोडरचो पट्टो सोदतलो तसोच सोदता," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "मापान. हो मनीस बायल पळोवंक गेल्लो तेन्ना बी टेप घेवन गेल्लो." बायको बघायलाही मी टेप नेला होता, हा त्याचा जुना विनोद.

"राख कुठे छापलीय ह्यावर?"

"राख? स्मशानांत विचार." मग जवळ येऊन, आवाज खाली आणून, "कोणाक जालां? आयेक?"

"बोक्याला."

त्याने एक पिशवी उचलून जागेवर ठेवली. "माझ्याकडे ना तसलां. दर्यावेळे वच. हरमलाक. पाखल्यांचीं माजरां आमच्यापरस बरीं जेवतात."

पाखले म्हणजे गोरे परदेशी. हरमल, मांद्रे, मोरजी ह्या किनाऱ्यावर ते महिनोन् महिने भाड्याने राहतात, मांजरं पाळतात आणि जाताना काही सोडूनही जातात. मी पेडण्याचाच, पण मांजराच्या खाण्यासाठी हरमलाला जायचं हे मला सुचलं नव्हतं. आमच्या डोक्यात अजून तो रस्ता जत्रेचा आणि मासळीचा.

पावसाळ्यात तिकडे अर्ध्याहून जास्त दुकानं निळ्या ताडपत्र्या ओढून झोपलेली असतात. एक उघडं होतं. आतली बाई बांद्याकडची, स्वेटर विणत बसलेली.

"माजराचां खाणां? आसा. पण थोडां महाग आसा. तुमचां माजार खंयचां?"

"इथलंच. गावठी बोका."

"पासपोट नाय?"

"नाही."

"मगे बघा, चलता काय."

पिशव्यांवर परदेशी लिपी होती, वर इंग्रजीची चिकटपट्टी. एका तपकिरी पिशवीवर सुरुवातीच्या तिन्ही ओळी मांसाच्या होत्या: कोंबडी, मासळीचं चूर्ण, अंडी. वाटाणा खूप खाली. राख छापलेली. मी तिथेच काउंटरवर वजाबाकी केली, मग फोनवर फोटो पाठवून डॉक्टरीणबाईंकडून करून घेतली. त्यांचं उत्तर आलं: 'घ्या. हळूहळू बदला. आठवड्याने रक्त दाखवा.'

"इतकां वाचून कोण घेणा नाय हंय," बाई विणता विणता म्हणाली. "पाखले पण नाय."

पिशवी मिळाली, पण ती घरात नेणं बाकी होतं. श्रावण अजून होता. फाटकावरच आईने वास ओळखला. "ह्या काय हाडलंस? सुकां नुस्तां?" नुस्तां म्हणजे मासळी.

"बोक्याचं खाणं, आई."

"चित्र बघू." चित्र बघितलं. "कोंबो आसा हेच्यार. नुस्तांय आसा. माका फसवतंस?"

"हिरव्या पिशवीतही होती कोंबडी."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग बायकोने पिशवी माझ्या हातातून घेतली. "आई, तां जेवण न्हय. वखद. डॉक्टरीणीन सांगलां. तुमची सुई कशाची करतात तां तुमी कधी इचारलां?"

आईने खाली बघितलं. बोका तिच्या पायाशी टाचांवर बसला होता, मागचे पाय दोन्ही बाजूंना पसरून. "वखद जालां तर उंबऱ्याच्या भायर," ती शेवटी म्हणाली. "आणि हात धुवन घरात."

तेवढ्यावर, औषध म्हणून, ठरलं. दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा मागच्या पडवीत, बशी उंबऱ्याच्या बाहेर. पहिले दिवस मी नवे दाणे हिरव्यात मिसळून दिले, मग हिरवे कमी करत नेले. बोक्याने पहिल्या दिवशी नवे तेवढे वेचून खाल्ले आणि भोपळ्याचे बशीत ठेवले. पाणी कमी झालं. मुंग्या एका सकाळी दिसल्या नाहीत. मी मागीलदारी जाऊन, खाली वाकून, नीट बघून आलो. रक्त दाखवायचा दिवस चवथीनंतरचा धरला, कारण चवथीच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे कोणी कुठे जात नाही.

चवथ आमच्याच घरात. थोरला भाऊ डिचोलीला राहतो, तो कुटुंबासकट आदल्या दिवशी येतो. पूजा त्याची, माटोळी माझी. गणपतीच्या वर टांगायच्या त्या लाकडी चौकटीला नारळ, सुपाऱ्या, तोरिंगण, रानातली फळं कुठे काय बांधायचं ह्याचा आराखडा दरवर्षी मी करतो, आणि दादा दरवर्षी त्यात बदल सुचवतो.

मागच्या पडवीत ह्या दिवसांत शहाळी, केळीचे घड, पानांच्या राशी. बोक्याच्या बशीला तिथे जागा राहिली नाही, आणि उंबऱ्याच्या इतक्या जवळ ते नकोच, असं वहिनीचंही म्हणणं पडलं. बशी लाकडांच्या खोपीजवळ गेली. सकाळी बायकोने दाणे घातले. थोड्या वेळाने तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि मला हाक मारून सांगितलं, "बशी रिकामी." मी शिडीवरून उतरलो, हात पुसले, सुई दिली, हात धुतले आणि परत शिडीवर चढलो.

बशी शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी रिकामी केली होती. हे नंतर कळलं.

दादा सोवळ्यात, प्रतिष्ठेची तयारी मांडलेली. मी माटोळीला कवंडळाचं फळ बांधत होतो. मागून आईचा आवाज आला, मोठा नाही, पण वेगळा. मी उतरून गेलो. बोका न्हाणीच्या पायरीशी पडला होता. मान एका बाजूला, पाय थरथरत होते, डोळे उघडे आणि त्यांत मी दिसत नव्हतो. मी त्याला उचललं तेव्हा ओल्या फडक्यासारखा लोंबला. माझ्या डोक्यात एकच आलं: गाडीची चावी.

"गाडी नको," आई म्हणाली. "साकर पडली हेची. माका पण अशीच जाता. हात थरथरतत, तोंड सुकता. म्होंव हाड."

मध घरात एकाच ठिकाणी होता: पंचामृताच्या ताटात, छोट्या बाटलीत, दादाच्या उजव्या हाताला. आई स्वतःच गेली. भिंतीचा आधार घेत, मांजर लागलेल्या हाताने, सरळ देवाच्या खोलीत.

"आई, तां पूजेचां," दादा म्हणाला.

"बाटली दी."

"अगो पण पंचामृत—"

"देवाक साकर घाल. देवाक डायबेटीस नाय."

दादाने बाटली दिली. हात न लावता, पळीने पुढे ढकलून.

आईने जमिनीवर बसकण मारली, बोक्याचं डोकं मांडीवर घेतलं, बोट मधात बुडवून त्याच्या हिरड्यांना आतून चोळलं. परत बुडवलं, परत चोळलं. "घशात ओतायचा नाय," ती मला म्हणाली, जसं काही बाटली माझ्या हातात होती. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सणाचा दिवस, पण त्यांनी उचलला. त्यांनी तेच सांगितलं: मध हिरड्यांना, ओतायचा नाही, शुद्धीवर आला की खायला द्या, आज संध्याकाळची सुई नाही. "आणि उद्यापासून निम्मी," त्या म्हणाल्या. "नव्या खाण्यात पीठच नाही, जुनी सुई त्याला जास्तच होत असणार. खाणं चांगलं निवडलंत, म्हणून."

बरंच झालं म्हणायचं की काय, मला कळेना.

घरातले सगळे न्हाणीच्या दारात जमले होते. मग बोक्याची जीभ बाहेर आली आणि आईच्या बोटावरून फिरली. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा. त्याने डोकं उचललं, चेहरा मधाने माखलेला, आणि आजूबाजूच्या गर्दीकडे अत्यंत नाराजीने बघितलं.

"कोंबड्यांका सुई देऊक व्हयी होती," दादा म्हणाला. शेजारी आतापर्यंत खोपीपाशी जाऊन बघून आला होता आणि कोंबड्यांचा कारभार कळला होता. "कोंबड्यांनी कोंबडी खाल्ली. ह्या घरात आता काय शिवराक रवलां तां सांग माका."

"तू पूजा कर," आई म्हणाली.

त्या वर्षी पंचामृतात मध नव्हता. दादाने पूजा सांगताना त्या जागी थोडा थांबून साखर जास्त घातली. जेवताना त्याने ती गोष्ट सगळ्यांना दोनदा ऐकवली, आणि दुसऱ्यांदा ऐकवताना पळीने बाटली ढकललेली सोडून दिली. आई पाटावर न बसता खुर्चीवर, मागीलदाराजवळ, बोक्याची बशी दिसेल अशी. बोक्याने त्या दुपारी तपकिरी दाणे खाल्ले. मी प्रत्येक दाणा बघत होतो. बायको म्हणाली, "आता तुम्हीपण खावा."

त्यानंतर बशीजवळ कोणीतरी थांबतं. सकाळी मी, संध्याकाळी बायको. खाऊन झालं हे डोळ्यांनी बघितलं की मग सुई. दवाखान्यात रक्त दाखवलं, सुई निम्म्याहून खाली आली. मागच्या पायांना वेळ लागला. दसऱ्याच्या सुमाराला तो एका संध्याकाळी सोप्याच्या पायरीवर आपणहून चढला, टाचा थोड्या टेकत, पण चढला. आईने मला हाक मारली नाही, बोट दाखवलं.

मला वाटलं होतं, एवढं जमलं की मी जरा स्वस्थ बसेन. तसं झालं नाही. पत्र्याच्या डब्याचा तळ दिसू लागला तसा मी हरमलाला गेलो. तोच रस्ता, आता ताडपत्र्या निघालेल्या, नवे रंग मारणं चालू. बांद्याच्या बाईने मला ओळखलं, तपकिरी पिशवी आधीच काढून ठेवली. तेच चित्र, तेच वजन. मी पैसे देऊन बाहेर आलो आणि गाडीत बसण्याआधी सवयीने मागची बाजू बघितली.

कोपऱ्यात नवा शिक्का होता, 'आता अधिक चविष्ट'. वाटाण्याचं पीठ दुसऱ्या ओळीत आलं होतं. अंडी गेली होती. आणि राखेचा आकडा ज्या जागी असायचा तिथे आता मांजराचा हसरा चेहरा.

मी परत आत गेलो. "जुनी आहे का एखादी? आधीच्या मालातली?"

"नाय हो. सगळां ह्याच इलां." तिने विणकाम खाली ठेवलं. "बदललां काय?"

"बदललं."

"इतकां वाचतास म्हणून त्रास."

राख नसली तरी उरलेल्या आकड्यांवरून वजाबाकी केली. जुन्या पिशवीच्या जवळजवळ दुप्पट पीठ, राख कितीही धरा. फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवला. त्यांचं म्हणणं, हे देऊ नका. आणि द्यायचंच झालं तर सुई परत नव्याने ठरवावी लागेल, म्हणजे परत कानाला टोचणं, परत रोजचा हिशोब, परत ते सगळं. पिशवीवरच्या कंपनीच्या नंबरला फोन केला. बराच वेळ वाद्यं वाजली, मग बंद. डिचोलीला फोन लावला. सोबती म्हणाला, "सावंतवाडेंत एक आसा पळे, तो बेळगावांतल्यान माल हाडटा. ताच्याकडे पोरनी आसूं येता. पूण आयतारा उकतें आसता काय ना, हांव सांगूं शकना."

नवी पिशवी न उघडता पडवीत उभी आहे. आईने तिच्यावर टोपली ठेवली आहे, कोंबड्यांनी टोचू नये म्हणून. डब्यात मंगळवारपर्यंतचे दाणे आहेत, हात आखडला तर बुधवारपर्यंतचे. उद्या रविवार, माझी सुट्टी. जुनी पिशवी असू शकेल ते सावंतवाडीचं दुकान उघडं असतं का, ह्याची चौकशी अजून करायची आहे.